नॉमिनीचा रकाना

तेरावं उरकतं, कपाटातून पॉलिसीची फाइल बाहेर येते आणि घरात पहिल्यांदा आवाज चढतो. नॉमिनी म्हणून आईचं नाव. पॉलिसी काढली तेव्हा मुलाचं लग्न व्हायचं होतं. पुढे लग्न झालं, लेक झाली, फ्लॅटचे हप्ते सुरू झाले. तो रकाना मात्र कुणी पुन्हा पाहिलाच नाही. आई म्हणते, नाव माझं, पैसे माझे. सून म्हणते, मग या पोरीला मी वाढवायचं कशावर? एकमेकींना धीर द्यायच्या दिवसांत दोघी दिवाणी कोर्टात तारखा घेत बसतात.

कायद्याने हा गुंता सोडवायला हवा होता. डिसेंबर १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच वाद आला. तिथे नॉमिनी बायको होती आणि वाटा मागत होती सासू. पॉलिसी दोन, प्रत्येकी १०,००० रुपयांच्या. कोर्टाने सांगितलं, नॉमिनी म्हणजे विमा कंपनीकडून पैसे स्वीकारणारा हात, मालकी वारसांची. तीस वर्षं हेच चाललं. मग २०१५च्या दुरुस्तीने विमा कायद्याचं ३९वं कलम बदललं. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर लाभाचा हक्क त्यांचाच, असं ठरलं. तरी वाद मिटला नाही. इतर वारसांनी दावा केला तर वारसा कायदाच वरचढ, असं २०२५मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटलं.

हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि आई पहिल्या वर्गातले वारस. वडील दुसऱ्या वर्गात. म्हणजे बायको-मुलं हयात असताना वडील नॉमिनी असले, तर एका कायद्याने सगळी रक्कम त्यांची आणि दुसऱ्याने एक रुपयाही नाही! कलम बदलून दहा वर्षं झाली तरी विधवेला वकील गाठावा लागतो. कलमाची भाषा निःसंदिग्ध करणं हे संसदेचं काम आहे आणि ते तिने केलेलं नाही.

एजंटांवरही माझा राग आहे. बोनसचे आकडे अर्धा तास समजावायचे आणि ‘नॉमिनी कोण, आई टाकू?’ एवढं विचारून पान उलटायचं. मुदत संपण्याआधी हे नाव कधीही बदलता येतं, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४चा कायदा तर दूरच राहिला. त्याखाली नवऱ्याने पॉलिसी घेतली तर रक्कम बायको-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते, त्याच्या घेणेकऱ्यांनाही एरवी तिला हात लावता येत नाही. पण ते पॉलिसी घेतानाच करावं लागतं.

या रविवारी फाइल काढा. नाव वाचा. मधल्या काळात घरात लग्न, जन्म, मृत्यू झाला असेल तर शाखेत जाऊन बदलाचा अर्ज द्या. कुणाला किती, हे मृत्युपत्रात दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहा, आणि आई व बायको दोघींना समोर बसवून स्वतःच्या तोंडाने सांगा.