एजंट सांगत नाही ते

न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी जोडप्याच्या अटी आता मला पाठ झाल्या आहेत. शाळा चांगली हवी. गाडीने न्यू यॉर्क तासाभराच्या टप्प्यात हवं. शेजारपाजार मिश्र हवा, म्हणजे मुलांना सगळ्या तऱ्हेच्या माणसांची सवय होईल. पण मेथीची जुडी आणि कढीपत्ता पंधरा मिनिटांच्या आत मिळायला हवा. वस्ती शांत हवी, मात्र संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही असली शांतता नको. आणि टॅक्स कमी हवा. या शेवटच्या अटीला मी हसले की पलीकडचा माणूस बिचारा गोंधळतो.

यंदा फोन होता भाच्याचा. डॅलसहून त्याची इकडे बदली झाली. "मावशी, तू इतकी वर्षं तिथे आहेस, तूच सांग कुठलं गाव घ्यायचं," म्हणाला. गाव घ्यायचं! पेशव्यांच्या काळात जन्मला असता तर जहागिरीच मागितली असती. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मावशी, पब्लिक स्कूलला फी नसते ना तिकडे पण?" नसते गं बाई. फी शाळेच्या खिडकीवर कोणी मागत नाही. ती घराच्या बिलात येते, आणि मुलं कॉलेजला गेल्यावरसुद्धा येतच राहते. अख्ख्या अमेरिकेत घरपट्टी सगळ्यांत जास्त कुठे, तर आमच्याकडे. सरासरी बिल वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा शाळांना जातो. 'चांगली शाळा आणि कमी टॅक्स' असं एका दमात कोणी म्हटलं की मला म्हणून हसू येतं.

त्यात हे राज्य एवढंसं, पण गावं साडेपाचशेहून जास्त. बहुतेकांची कचऱ्याची गाडी वेगळी, पोलीस वेगळे, शाळाही वेगळी. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं: रस्ता ओलांडला की पेठ बदलते, आणि पेठेबरोबर अभिमानही. पोस्टाने घोळ आणखी वाढवून ठेवलाय. पत्त्यात 'प्रिन्स्टन' लिहिलेली कितीतरी घरं शेजारच्या टाउनशिपमध्ये आहेत. प्रिन्स्टन जंक्शन हे स्टेशनच मुळी वेस्ट विंडसर गावात आहे. पुण्यातल्या नातेवाइकांना 'प्रिन्स्टन' सांगायला छान वाटतं, तिकडे आइन्स्टाइन राहायचे वगैरे. पण मुलाचं नाव कोणत्या शाळेत लागणार हे पत्ता ठरवत नाही, टाउनशिपची हद्द ठरवते. भाच्याने पाठवलेल्या पहिल्या पाच घरांपैकी बहुतेकांची गत हीच होती.

मग येतात दहापैकी गुण. शाळांना गुण देणाऱ्या वेबसाइट आहेत आणि घरांच्या जाहिरातीखाली ते गुण छापलेले असतात. आठ म्हणजे इथे उत्तम समजतात. पण आमची माणसं वाढली ती महाराष्ट्र बोर्डाच्या छायेत. आठ म्हणजे ऐंशी टक्के, आणि ऐंशी टक्क्यांवर आमच्या घरात पेढे वाटत नाहीत, शेजाऱ्याला किती पडले ते विचारतात. "मावशी, इथे सात लिहिलंय," असं भाचेसून ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात लोक पायरिया झाल्याचं सांगतात. मी तिला म्हटलं, या आकड्यात शाळेपेक्षा गावातल्या पगारांचा भाग मोठा असतो. परीक्षेचे गुण आणि आईबापांचं उत्पन्न यांचं मेतकूट जुनं आहे. असे गुण देणाऱ्या सगळ्यांत नावाजलेल्या एका संस्थेने टीका झाल्यावर आपली पद्धत बदलली आणि वर्षभरात मुलं किती पुढे सरकली याला जास्त वजन दिलं. भाचेसुनेने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण नऊवाली कुठली?"

आता एजंटकडे येऊ. भाच्याला मिळालेल्या एजंटबाई फार चांगल्या. छत किती जुनं, तळघरात पाणी शिरतं का, बॉयलर कधी बदलला, सगळं न विचारता सांगायच्या. भाच्याने मात्र गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "इथे इंडियन किती आहेत?" बाईंनी हसून खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा, मॅपल किती सुंदर आहेत." पुढच्या गल्लीत याने विचारलं, "वस्ती फॅमिलीवाली आहे ना?" परत मॅपल. "शाळा कशी आहे?" तर बाईंनी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटचा पत्ता सांगितला. रात्री फोनवर भाचा वैतागला होता. "अगं, तिला काही माहितीच नाही!"

माहिती सगळी असते. बोलायला बंदी आहे. 11 एप्रिल 1968 ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला आठवडा झाला तेव्हा, अमेरिकेच्या अध्यक्षांनी घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यावर सही केली. वंश, धर्म, मूळ देश पाहून गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे वळवायचं किंवा दुसरीकडून परतवायचं, हे तेव्हापासून बेकायदा. 1988 मध्ये त्यात मुलंबाळं असलेल्या कुटुंबांचीही भर पडली. त्यामुळे जपून बोलणारे एजंट 'फॅमिलीसाठी छान' एवढं साधं वाक्यसुद्धा टाळतात. कुटुंब नसलेल्याला 'तुम्ही येऊ नका' असं त्यातून ऐकू येईल म्हणून. ज्या तीन गोष्टी आपल्याला हव्या असतात, त्या तिन्हींबद्दल या बाईंनी मॅपलकडे बोट दाखवणं हेच त्यांचं सचोटीचं काम.

ही बंदी उगीच आलेली नाही. आजच्या नेटक्या हिरव्या उपनगरांची सुरुवात पाहिली तर अंगावर काटा येतो. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या होत्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. युद्धानंतर लेव्हिट कंपनीने एकसारख्या घरांची गावंच्या गावं उभी केली, ती गोऱ्यांसाठी. आमच्याच राज्यात, आज विलिंगबरो म्हणतात त्या गावात, काळ्या गिऱ्हाइकांना घर नाकारल्यावरून प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1960 मध्ये कंपनी हरली. 'चांगली वस्ती' हे तेव्हा उघड उघड कोण नको याचं नाव होतं.

आणि आता पाहा गंमत. कायद्याने एजंटचं तोंड बंद केलं, मावशीचं केलं नाही. एजंटबाईंना मॅपलशिवाय काही सुचत नाही तिथे आम्ही मावश्या, काकू, मैत्रिणी आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभे असलेले समस्त लोक बिनधास्त सांगतो: 'तिकडे आपले खूप आहेत', 'तिकडे फारसे नाहीत', 'तिकडे गुजराथी जास्त', 'तिकडे आता फारच देशी झालंय'. या शेवटच्या वाक्याची मजा अशी की ते म्हणणारा माणूस नेहमी देशीच असतो, आणि त्याला तिथे घर घ्यायचं असतं. त्याच्यापर्यंत आले ते सगळे बरोबर, त्याच्यानंतर येणारे मात्र गर्दी.

एडिसन त्याचं ठळक उदाहरण. पूर्वी या टाउनशिपचं नाव रॅरिटन होतं. 1954 मध्ये थॉमस एडिसनच्या नावाने नवं बारसं झालं, कारण त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथलीच. दिव्याच्या शोधाचं गाव, पण आज त्याची ख्याती ओक ट्री रोडने आहे. साडीची दुकानं, सोनार, चाट, चितळ्यांची बाकरवडी, रविवारी पार्किंगवरून भांडणं. आज निम्मी वस्ती आशियाई, त्यात बहुतेक भारतीय. 2010 मध्ये इथेच लहानाचा मोठा झालेल्या जोएल स्टाइन या विनोदी लेखकाने 'टाइम' साप्ताहिकात लिहिलं, माझं गाव मला ओळखू येईनासं झालं. त्यावर बराच गदारोळ झाला, साप्ताहिकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. 2022 पासून गावाचे महापौर भारतीय वंशाचे आहेत. भाच्याला मी हे सगळं कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "हो गं, पण तिथे म्हणजे आपण अमेरिकेत राहतोय असं वाटेल का?" त्याच रात्री त्याने विचारलं की वेस्ट विंडसरहून ओक ट्री रोडला जायला किती वेळ लागतो.

मी रागावले नाही, कारण आपल्या लोकांच्या आसपास राहण्याची ओढ मला ठाऊक आहे. 1987 मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाने टोळकी निघाली होती. कपाळावरच्या टिकलीवरून हे नाव. एका भारतीय तरुणाला त्या वर्षी जीव गमवावा लागला. त्या काळात इथे आलेल्या बायका संध्याकाळी बाहेर पडताना टिकली काढून पर्समध्ये ठेवायच्या, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. त्यांना 'आपले किती' हा प्रश्न चैनीचा नव्हता. भाच्यासाठी तो मेथीच्या जुडीचा आहे, हे त्याचं भाग्य.

वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो या दोन गावांची शाळा-व्यवस्था एकत्र आहे, आणि सध्या मराठी घरांत हे नाव जपासारखं घेतलं जातं. गुण उत्तम, गाडी जवळ, हिरवळ भरपूर, देशी पुरेसे आणि बाकीचेही आहेत. 2015 मध्ये तिथल्या शाळाप्रमुखांनी पालकांना सोळा पानांचं पत्र लिहिलं. सार असं, की मुलांवर ताण फार झालाय. त्यांनी सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरवल्या, चौथी-पाचवीचं पुढच्या इयत्तेचं गणित बंद केलं. पालकांत दोन तट पडले, 'न्यू यॉर्क टाइम्स'पर्यंत बातमी गेली. एका बाजूला प्रामुख्याने गोरे पालक, मुलांना श्वास घेऊ द्या म्हणणारे; दुसऱ्या बाजूला प्रामुख्याने आशियाई पालक, श्वास पुढे आयुष्यभर घ्यायचाच आहे म्हणणारे. भाच्याला हे सांगताना माझा हेतू होता त्याला सावध करायचा. तो म्हणाला, "चौथीत पुढचं गणित होतं? आता परत सुरू झालं का?"

मिश्र वस्तीची त्याची मागणी मात्र मला सतावत राहिली. प्रिन्स्टन जंक्शनपासून दक्षिणेला गाडीने गेलं तर मध्ये हॅमिल्टन, आणि पुढचं स्टेशन ट्रेन्टन. राज्याची राजधानी. काळे, लॅटिनो, जुने स्थलांतरित, नवे स्थलांतरित. विविधता म्हणाल तर भरपूर. माझ्या ओळखीत एकाही मराठी कुटुंबाने मला ट्रेन्टनच्या शाळांबद्दल विचारलेलं नाही. आम्हाला मिश्र शेजार हवा म्हणजे एका बाजूला कोरियन डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पोलिश इंजिनिअर, समोर फार्मा कंपनीतलं ब्राझिलियन जोडपं, आणि सगळ्यांची गाडी आपल्याइतकीच नवी. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये माउंट लॉरेल गावाच्या खटल्यात बजावलं होतं की गरिबांना परवडणारी घरंच होऊ नयेत असे नियम गावांना करता येणार नाहीत. पन्नास वर्षं उलटली, आजही प्रत्येक गावात परवडणारी घरं किती आणि कुठे यावर सभा गाजतात, आणि त्या सभांत विरोधात बोलणाऱ्यांच्या रांगेत हल्ली आपलेही लोक उभे दिसतात. कारण तेच: शाळांवर भार पडेल. राज्य इतकं नानारंगी असून शाळा मात्र वेगळ्या वेगळ्या पडल्यात, म्हणून 2018 पासून सरकारवर खटला चालू आहे. साडेपाचशे गावांत विभागलेल्या राज्यात दुसरं काय होणार.

हे मी भाच्याला फोनवर बोलले का? थोडं बोलले. मावशीने किती बोलायचं यालाही मर्यादा असते, विशेषतः भाचेसून स्पीकरवर ऐकत असताना. त्याऐवजी एक काम सांगितलं. गाव निवडायचं तर शनिवारी सकाळी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन दोन तास बसायचं. मुलांच्या विभागात. कोण येतं, आजी-आजोबा किती येतात, गोष्टीच्या तासाला बाप बसतात की मोबाइल घेऊन बाहेर उभे राहतात, काउंटरवरची बाई नवख्याशी कशी बोलते. गुणांच्या वेबसाइटवर हे येत नाही आणि एजंटला बोलायला बंदी आहे.

दोघं गेले. तीन गावांच्या वाचनालयांत जाऊन आले. एका ठिकाणी त्यांची मुलगी कुणा तमिळ आजींच्या मांडीवर बसून पुस्तक ऐकत राहिली आणि उठेना. भाचेसुनेला ते आवडलं, भाच्याला गावाची घरपट्टी पाहून घाम फुटला. शेवटी त्यांनी घर घेतलंच नाही. प्लेन्सबरोत भाड्याचे जुने, साधे अपार्टमेंट-समूह आहेत. बरेच नवे लोक तिथूनच सुरुवात करतात, शाळा तीच मिळते आणि मॉर्गेजचं ओझं नसतं. एक वर्षाचा करार केला. शेजारी इजिप्तचं कुटुंब, वरच्या मजल्यावर नागपूरचे. पहिल्याच आठवड्यात नागपूरकरांनी सावजी मसाला पाठवला आणि इजिप्तवाल्यांनी तो कुठे मिळतो विचारलं.

आता रोज रात्री वाद असतो तो हायस्कूलचा. या व्यवस्थेत दोन आहेत, नॉर्थ आणि साउथ. भाचा नॉर्थवर ठाम, भाचेसून साउथवर. दोघांनीही मला वेगवेगळे फोन करून मत विचारलं. मुलगी सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल.