येताना पायलट दमतो का?

विमान मुंबईहून सकाळी दहाला सुटतं आणि पावणेबाराला दुबईत उतरतं. तुम्हाआम्हाला यात काही खटकत नाही. पण आमच्या काकांची हयात रेल्वेत गेलेली. टाइमटेबल दिसलं की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. दुबईच्या मुलाने तिकिटं पाठवली तेव्हा काकूने बॅगा काढल्या आणि काकांनी पाठकोरा कागद.

"अंतर सुमारे 1930 किलोमीटर, वेळ पावणेदोन तास. ताशी अकराशे! आणि परतीचं बघ. दोनला निघून सव्वासहाला मुंबई. ताशी साडेचारशे. येताना पायलट दमतो का?"

"चढ लागत असेल," काकू बॅगेतून म्हणाली.

मी म्हटलं, "काका, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. जाताना सव्वातीन तास लागतात, येताना पावणेतीन."

"मग हा अर्धा तास कुठे गेला?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. त्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि हिवाळ्यात तर जोरात. जाताना विमान त्याच्या तोंडावर जातं, येताना तोच वारा पाठीमागून ढकलतो. काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग परतीचं भाडं कमी का नाही?" याला हवामानशास्त्रात उत्तर नाही.

काकूला खरा धक्का वेगळाच बसला. मुंबईहून दुबई गुवाहाटीपेक्षा जवळ आहे! गुवाहाटीला सरळ उडालं तरी दोन हजार किलोमीटरच्या वर. (2022 साली शिवसेनेचे बंडखोर आमदार तिथे सुरतमार्गे गेले, त्यांना आणखी लांब पडलं, पण त्यांना परतायची घाई नव्हती.) "म्हणजे आपला पोरगा परदेशात असून जवळच आहे की," असं म्हणून काकूने चकल्यांचा आणखी एक डबा बॅगेत कोंबला.

हे सगळं आकाशातलं. जमिनीवर काकांचा हिशेब निराळा: डोंबिवलीहून विमानतळ दोन तास, उड्डाणाआधी तीन तास हजर, म्हणजे विमान हलण्याआधीच पाच तास खर्ची. परतताना तर मुंबईच्या डोक्यावर येऊनही घिरट्या घालाव्या लागू शकतात, कारण इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. काका लगेच म्हणाले, "आउटर सिग्नलला उभी म्हण ना!" त्यानंतर विमानसेवेविषयी त्यांची काही तक्रार उरली नाही.

तेव्हा तुमचं कोणी दुबईहून येणार असेल, तर तिकडून सुटण्याच्या वेळेत आधी दीड तास मिळवा, मग पुढचा हिशेब करा. आणि विमान उतरलं म्हणून लगेच घरातून निघू नका. बॅग हातात आल्याचा फोन येऊ द्या.