भरपगारी सातवा दिवस

महाराष्ट्रात चळवळीची सभा चारची म्हणजे साडेपाचची. पाहुणे येतात, माईक येतो, मग माईकवाला येतो, मग कुणीतरी सेल आणायला जातं. ही रीत मोडणारी माणसं दोनच ठिकाणी तयार होतात : संघाच्या शाखेवर आणि कॉन्व्हेंटमध्ये. पैकी पहिली आपला आजचा विषय नाही.

माजी सिस्टर घरकामगार बायकांच्या युनियनमध्ये हमखास भेटते. मुंबईत, वसई-नालासोपारा पट्ट्यात तर नक्कीच. वसईच्या वाडीत जन्म, घरात सात-आठ भावंडं, शाळेत असतानाच देवाचं पाचारण. मग वीस-बावीस वर्षं मठात काढायची आणि पंचेचाळिशीच्या आसपास एका सुटकेसनिशी बाहेर पडायचं. झगा जातो, सुती साडी येते, पण घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूलाच राहतं आणि लोक मरेपर्यंत 'सिस्टर'च म्हणतात. मठ का सोडला, हे विचारायचं नसतं. फारच कुणी खोदलं तर उत्तर मिळतं, ''आज्ञापालन जमेना.'' तीन व्रतांपैकी दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य सिस्टर बरोबर घेऊन आल्या. तिसरं तेवढं मदर सुपीरियरच्या टेबलावर ठेवून आल्या. दारिद्र्य पाळायला वेगळे कष्ट पडत नाहीत, युनियनच्या मानधनात ते आपोआप पाळलं जातं.

त्यांची पहिली केस त्यांची स्वतःचीच. चर्चच्या कायद्यात ७०२ क्रमांकाचं कलम आहे. संस्था सोडणाऱ्या व्रतस्थाला तिथे केलेल्या कोणत्याही कामाबद्दल काही मागण्याचा हक्क नाही, असं ते सांगतं. आणि लगेच पुढे, संस्थेनं मात्र त्याच्याशी न्यायानं आणि प्रेमानं वागावं, असंही सांगतं. ''पहिलं वाक्य मॅनेजमेंटनं लिहिलंय, दुसरं युनियननं,'' असं सिस्टरांचं भाष्य. ग्रॅच्युइटीचा हिशेब त्या नव्या कार्यकर्त्यांना याच उदाहरणावरून शिकवतात. शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. पगाराच्या जागी शून्य मांडायचं आणि वर्षं हवी तेवढी घालायची. पोरं हसतात. सिस्टर हसत नाहीत, त्या उत्तराखाली दोन रेघा मारतात.

डाव्या मंडळींशी त्यांचं जमतं, पण घासाघीस चालू असते. भाषणाला उभ्या राहिल्या की हात कपाळाकडे जातो, मग छातीकडे, मग दोन्ही खांद्यांकडे. एकदा एका ज्येष्ठ कॉम्रेडनी हळूच सुचवलं, ''सिस्टर, तेवढं मनातल्या मनात केलं तर?''

''कॉम्रेड, तुम्ही मूठ वर करता ती मनातल्या मनात करता का?''

कॉम्रेडांनी मार्क्स काढला की सिस्टर तेरावा लिओ काढतात. या पोपनं १८९१ सालीच परिपत्रक काढून कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला होता. त्याच परिपत्रकात समाजवाद्यांना झोडपलंय, ते पान मात्र त्या वाचून दाखवत नाहीत. २०२५मध्ये नवे पोप निवडून आले आणि त्यांनी लिओ हेच नाव घेतलं, तेव्हा सिस्टरांनी युनियनच्या ऑफिसात पेढे वाटले. कॉम्रेडांनी दोन खाल्ले.

उपोषणात मात्र कॉम्रेड त्यांच्यापुढे टिकत नाहीत. आझाद मैदानात साखळी उपोषणाला बसलं की अकरा वाजता पुढाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सिस्टरांना ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा सराव. त्या जपमाळ ओढत ताठ बसलेल्या. या कामात त्यांना परंपराही आहे. केरळात १९८४ साली पारंपरिक मच्छीमारांनी पावसाळ्यात ट्रॉलरबंदी व्हावी म्हणून आंदोलन पेटवलं, तेव्हा सिस्टर ॲलिस उपोषणाला बसल्या होत्या. बंदी आली १९८८मध्ये. आणि घरकामगारांचं म्हणाल, तर जान डेव्होस या बेल्जियन धर्मभगिनीनं १९८५ साली त्यांची राष्ट्रीय चळवळ उभी केली. अर्थात, पुण्यातल्या मोलकरणींनी त्याआधीच, १९८० साली संप करून दाखवला होता, आणि त्यांना कुणी सिस्टर नव्हती. हे आमच्या सिस्टर स्वतःच सांगतात, थोड्या नाखुशीनं.

एक मे हा त्यांचा खरा कसोटीचा दिवस. कम्युनिस्टांचा कामगार दिन चर्चच्या डोळ्यांत खुपत होता, म्हणून बाराव्या पायसनं १९५५ साली त्याच तारखेला श्रमिक संत योसेफाचा सण ठेवला. पुढे १९६० साली आपला महाराष्ट्रही त्याच दिवशी जन्माला आला. सकाळी सातला मिस्सा, आठला झेंडावंदन, दहाला लाल झेंड्याचा मोर्चा. तिन्हीकडे वेळेवर पोचणारी ती बहुधा राज्यातली एकमेव बाई.

सभासद बायकांत बऱ्याच जणी 'जय भीम' म्हणणाऱ्या, जालना-सोलापूरकडून आलेल्या. सिस्टरही 'जय भीम' म्हणतात आणि मग बायबलमधली गोष्ट सांगतात. द्राक्षमळ्याची गोष्ट त्यांच्या फार आवडीची. मालकानं सकाळी मजूर लावले, दुपारी आणखी लावले, संध्याकाळी पाचलाही लावले आणि सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दिनार ठेवला. सकाळचे भांडायला लागले. चर्चमध्ये ही गोष्ट ऐकून लोक माना डोलवतात. युनियनमध्ये तसं होत नाही.

''मग उद्या सकाळी कोण येईल त्या मळ्यात?'' एक बाई म्हणाली. ''सगळे पाचलाच येतील की.''

सिस्टर थांबल्या. एवढ्या वर्षांच्या मनन-चिंतनात हा मुद्दा कुणी काढला नव्हता. मग दुसरी म्हणाली, ''पाचवाला दिवसभर नाक्यावर उभा होता ना? कुणी नेलं नाही, हा काय त्याचा गुन्हा? पोरं त्याचीबी जेवणारच.'' यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी ठराव झाला, की कमीत कमी दर ठरलाच पाहिजे, जास्तीचं ज्यानं त्यानं मागून घ्यावं. त्याच सभेत दरपत्रक लिहिलं गेलं : केर-लादी किती, भांडी किती, कपडे किती, स्वयंपाक माणशी किती. खाड्याचे पैसे कापायचे नाहीत. आणि आठवड्याला एक सुट्टी, कारण परमेश्वरानं सहा दिवस राबून सातव्या दिवशी सुट्टी घेतली आणि ती भरपगारी होती. कशावरून, असं एका सोसायटीच्या चेअरमननं विचारलं होतं. ''कापली असती तर बायबलमध्ये आलं असतं,'' सिस्टर म्हणाल्या.

सरकारकडे अशी उत्तरं चालत नाहीत. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. जिनिव्हाला २०११मध्ये घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. पण मान्यता द्यायची ती दिलेली नाही. लग्नात अक्षता टाकून यावं आणि आहेर घरीच राहावा, तसं. सिस्टर दर वर्षी कराराच्या तारखेला, १६ जूनला, कामगार आयुक्तांना त्याची आठवण करून देणारं पत्र देतात. पोच घेतात. पोचेवर शिक्का नीट उमटला नसेल तर पुन्हा मारायला लावतात.

सिस्टरांचं खरं हत्यार मात्र कायदा नव्हे, आवाज. मुंबईतले निम्मे सोसायटी सेक्रेटरी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले. मोलकरणींनी मोठी लिफ्ट वापरू नये, अशी पाटी लावणारा एक सेक्रेटरी बैठकीत हुज्जत घालत होता. सिस्टर इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, की बोलताना खिशातून हात काढावेत. पन्नाशीचा माणूस, दोन मोटारींचा धनी. हात बाहेर आले, पाठ सरळ झाली आणि वाटलं, आता नखं दाखवतोय. पाटी दुसऱ्या दिवशी निघाली.

पण त्यांना पाहावं ते पोलीस ठाण्यात. या धंद्यातला नेहमीचा प्रसंग : घरातली सोनसाखळी सापडत नाही आणि संशय बाईवर. सातव्या मजल्यावरच्या मॅडमची साखळी गेली, पोलीस आले, बाईला संध्याकाळी ठाण्यात आणून बसवली. साडेसातला सिस्टर हजर. हवालदारानं आधी खुर्ची दिली, ती 'सिस्टर' ऐकून. सिस्टरांनी खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला अटक होत नाही. अगदी अपवाद असला तर महिला अधिकारी हवी, मॅजिस्ट्रेटची परवानगी हवी. ''तुमच्याकडे कुठली परवानगी आहे?'' हवालदार म्हणाला, अटक नाही, नुसती चौकशी आहे. सिस्टर म्हणाल्या, ''मग आम्ही निघतो. चौकशीला उद्या उजेडात येऊ.'' आणि दोघी निघाल्या.

साखळी दोन दिवसांनी सापडली, धुवायला काढलेल्या उशीच्या अभ्र्यात. मॅडमनी फोन करून सांगितलं, की चला, झालं गेलं विसरून जाऊ, तिला उद्यापासून पाठवा.

इथे माजी सिस्टर पूर्णपणे सिस्टर झाल्या. क्षमेचीही चर्चमध्ये एक कार्यपद्धती असते : आधी अपराध आठवायचा, मग पश्चात्ताप, मग पुन्हा न करण्याचा निश्चय, मग तोंडानं कबुली आणि शेवटी प्रायश्चित्त. मॅडम थेट विसरण्यावर आल्या होत्या, मधल्या पायऱ्या राहिल्याच होत्या. सिस्टर त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसल्या आणि एकेक पायरी चढवून घेतली. कबुली लेखी हवी, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागेल अशी. प्रायश्चित्त म्हणून दोन दिवसांचा बुडालेला पगार आणि इथून पुढे रविवारची भरपगारी सुट्टी. मॅडमनी लेटरहेडवर सहा ओळी लिहिल्या. सिस्टरांनी पर्समधलं लाल पेन काढून शुद्धलेखनाच्या तीन चुकांवर गोल केले आणि कागद परत दिला. ''स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहा. समास सोडा.''

मॅडमनी समास सोडून लिहिलं. बाईनं तोवर समोरच्या विंगमध्ये पाचशे रुपये जास्तीवर काम धरलं होतं.