नवसाची पॉलिसी

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत दोनच पॉलिसी खपतात. एक मेडिक्लेमची, दुसरी लालबागच्या राजाची. वेटिंग पिरियड दोन्हींना आहे. दुसरीचा रांगेत उभ्याने काढायचा, एवढंच. पण पहिलीचा हप्ता आधी आणि कटकट नंतर. दुसरीत आधी काम, मग पेढे. शिवाय ‘हा आजार नवस बोलण्याआधीपासूनचा आहे’ असं सांगून देवाने कुणाला परत पाठवल्याचं ऐकिवात नाही.

ही तुलना आमच्या मजल्यावरच्या काकूंची. काकांचं पित्ताशय काढलं तेव्हा त्या शिकल्या. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, घरी जा. काका शर्ट घालून, भांग पाडून खाटेच्या कडेला बसले. फाईल विमा कंपनीच्या टीपीएकडे गेली होती. मंजुरी आली संध्याकाळी सातला, तोवर खोलीचं आणखी एका दिवसाचं भाडं चढलं होतं. शिवाय ऑपरेशन मंजूर, पण हातमोजे आणि कापूस नामंजूर. “म्हणजे डॉक्टरने काय नुसत्या हाताने पोट उघडायचं?” काकूंनी खिडकीतल्या मुलीला विचारलं. तिने नियमावलीचं पान दाखवलं. इतक्या बारीक अक्षरात आमच्याकडे फक्त पोथी छापतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, तेव्हा काकूंनी देवापुढे साखर ठेवली. नूतनीकरणाची नोटीस आली, तर काका साठीत शिरलेले. त्या वयाच्या रकान्यातला हप्ता वाचून साखर परत डब्यात गेली.

समोरच्या खोलीतल्या पोराचं दुखणं निराळं. आजोबा गिरणीत होते. ताप आला की विम्याचा दवाखाना, जास्त झालं की परळचं कामगार विम्याचं महात्मा गांधी रुग्णालय. १९८२ चा संप झाला, पुढे गिरणी गेली, तिच्या आवारात मॉल आला. नातू आता तिथे दारात उभा राहून लोकांच्या पिशव्या तपासतो. कामगार विम्याची पगारमर्यादा २०१७ पासून २१ हजारांवर रुतून बसली आहे. पगारवाढीची कुणकुण लागताच पोरगा मंगळवारी अनवाणी प्रभादेवीला गेला आणि सिद्धिविनायकाला साकडं घालून आला: बाप्पा, वाढव, पण २१ हजारांच्या आत. साहेब उदार निघाला. त्याने २१ हजार २०० केले. मुदत संपली की अख्खं घर विम्याबाहेर.

मग उरतात धर्मादाय रुग्णालयं. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार तिथल्या दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी दहा टक्के दुर्बलांना सवलतीत. खाटा आहेतच, कोण नाही म्हणतो? फक्त आपण पोचतो तेव्हा रिकामी असते ती ‘त्या’ दहा टक्क्यांतली नसते. तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड, झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. अशा वेळी सोबत न्यावा तो मंडळाचा कार्यकर्ता. हा वर्गणी मागायला येतो तेव्हा आपण दार लावून घेतो. पण रुग्णालयात त्याने लेटरहेड टेबलावर ठेवलं की खाटेला पाय फुटतात. सरकारी योजनेचा आरोग्यमित्र असतो, तो जेवायला गेलेला असतो. बाप्पाचा वकील डबा सोबत घेऊन येतो.

आणि बाप्पाने नुसता शब्द टाकून भागवलं नाही, दवाखानाच थाटला. लालबागच्या मंडळाचं डायलिसिस केंद्र आहे, सिद्धिविनायक न्यासाचंही आहे. देवाने रक्त गाळायचं काम अंगावर घेतल्यावर सरकारच्या वाट्याला दर्शन उरलं.

काकू मात्र राजाचा इतिहास सांगतात. १९३२ मध्ये पेरू चाळीचा बाजार बंद पडला, तेव्हा कोळ्यांनी आणि दुकानदारांनी नवस केला: बाजाराला कायमची जागा मिळू दे. जागा मिळाली, १९३४ मध्ये गणपती बसला. पण त्यात नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शहांचाही पाठपुरावा होता, हे काकू जोर देऊन सांगतात. नवसही होता, अर्जही होता. आपण निम्मंच लक्षात ठेवलं.

म्हणून यंदा चाळीने अर्ज लिहिला. कामगार विम्याची मर्यादा वाढवा, धर्मादाय खाटांचा हिशेब दारावर लावा. मंत्री दर्शनाला येतील तेव्हा हातात द्यायचा बेत होता. पण ते वेगळ्या दाराने आले आणि गेले, आम्ही नवसाच्या रांगेत पहाटेपासून. शेवटी काकूंनी अर्जाची घडी करून मोदकांच्या पुड्यात सरकवली. स्वयंसेवकाने पुडा राजाच्या पायाला लावला, त्याच हाताने परत दिला, वर “चला, चला, पुढे चला.”

घरी उघडून पाहिलं तर अर्जावर मधोमध कुंकवाचा ठसा.

“पोच मिळाली,” काकू म्हणाल्या.