वाचनाच्या बारा कलमांची कैफियत

मुक्काम दुबई,
माघ वद्य पंचमी, शके १९४७

तीर्थस्वरूप दादा यांचे चरणी धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वहिनींच्या गुडघ्याचा आणि वाड्याच्या पुनर्विकासाच्या रखडलेल्या प्रकरणाचा समाचार दिल्यानंतर, ‘तिकडे वाळवंटात तुम्ही मंडळी दिवसभर करता तरी काय?’ अशी जी पृच्छा आपण पत्राच्या शेवटी केली आहे, तिचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर आम्ही वाचतो. परंतु हे वाचन आपल्या सदाशिव पेठेतील वाचनासारखे स्वेच्छेचे नसून हुकुमाचे आहे, आणि हुकूम सूनबाईंचा आहे, एवढे सांगितल्याखेरीज त्या उत्तरातील सत्य पुरते उघड होणार नाही.

गेल्या पाडव्याला, गुढी गॅलरीत उभारावी की इमारतीच्या नियमांना भिऊन आतल्या खिडकीशी उभारावी या वार्षिक वादाचा निकाल लागून श्रीखंडाची वाटी हातात येते न येते तोच, सूनबाईंनी फ्रिजच्या दारावर एक यादी डकवली. वर्षारंभी असे वाचनाचे संकल्प सोडण्याची पाश्चात्य देशांत बरीच प्रथा आहे म्हणतात. सूनबाईंनी ती प्रथा उचलली, पण वर्ष मात्र आपले धरले, चैत्र ते फाल्गुन, आणि बारा महिन्यांस बारा कलमे लावून दिली. गंमत अशी की कलमात पुस्तकाचे नाव नाही, केवळ लक्षण आहे: निळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक, आपल्या गावात घडणारे पुस्तक, पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाने लिहिलेले पुस्तक, घरात सदैव वापरले जाणारे परंतु कोणीही पहिल्या पानापासून अखेरपर्यंत न वाचलेले पुस्तक. हयातभर महसूल खात्यात काढलेल्या माणसास कलमांचे भय नसते, तरीपण मुखपृष्ठाच्या रंगावरून ग्रंथ निवडणे हा प्रकार मला एखाद्याने मुंडाशावरून जावई निवडावा तसा वाटला, आणि मी तात्काळ हरकत नोंदवली. ज्या शहरात १८४८ सालापासून सार्वजनिक ग्रंथालय आहे, जेथे नगर वाचन मंदिराच्या दालनात आपल्यासारखे सभासद वर्तमानपत्राच्या एकाच पानाची ताबेदारी तासन् तास सोडत नाहीत, त्या शहरच्या माणसास काय वाचावे हे फ्रिजच्या दाराने शिकवू नये, असे माझे म्हणणे होते. सूनबाईंनी हरकत शांतपणे ऐकून घेतली व ‘बाबा, २०२४ च्या डिसेंबरात पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने ‘शांतता, पुणेकर वाचत आहेत’ असा उपक्रम पुण्यातच करावा लागला ना?’ एवढाच प्रश्न विचारून प्रकरण निकाली काढले. पुणेकर तासभर वाचत होते याचे मला नवल नाही. तेवढा वेळ ते शांत होते, हे मात्र आपण समक्ष पाहिले असल्यास अवश्य कळवावे.

आता पुस्तके आणावयाची कोठून, हा मुद्दा. अप्पा बळवंत चौक येथून बराच दूर आहे. खाडीकाठी २०२२ साली उघडलेले मोहम्मद बिन रशीद ग्रंथालय भव्य आहे, त्याची इमारतच पोथी ठेवण्याच्या उघड्या रेहलीच्या आकाराची आहे, आणि आत शिरताना पायांतील वहाणा काढाव्यात की काय असा संभ्रम आपल्या भावजयीस पडला होता. पण आम्हांस हवी होती मराठी पुस्तके. ती आली एका पेटीतून, आणि सांगावयास जड जाते तरी सांगतो, ती पेटी पुण्याची नव्हे, नाशिकची. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना काढली, निवडक पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत नेऊन ठेवल्या, आणि त्या पेट्या पुढे समुद्र ओलांडून येथपर्यंत आल्या. एका घरी पेटी उघडते, आसपासची कुटुंबे पुस्तके नेतात, वाचून झाली की पेट्यांची आपसांत अदलाबदल होते. अनामत नाही, वर्गणी नाही, आणि ‘पुस्तकाची पाने दुमडू नयेत, दुमडल्यास कारण द्यावे लागेल’ अशी पाटीही नाही. पुणेकरांच्या हातून ही योजना का निघाली नाही, याचे उत्तर मला वाटते त्या पाटीतच आहे.

इतक्यावर भागले असते. पण नातवाने त्यात आपली अंमलबजावणी घुसडली. येथील शासकांनी २०१५ साली अरब जगातील विद्यार्थ्यांकरिता वाचनाची एक मोठी स्पर्धा पुकारली. प्रत्येक विद्यार्थ्याने शाळेच्या एका वर्षात पन्नास पुस्तके वाचावयाची, दहा-दहा पुस्तकांचे पाच टप्पे, प्रत्येक टप्प्यास निराळ्या रंगाची पासपोर्ट म्हणून ओळखली जाणारी वही, आणि त्या वहीत वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश. पुढल्याच वर्षी पहिले विजेतेपद अल्जीरियाच्या सात वर्षांच्या मुलाने पटकावले. ही हकीकत अरबीच्या शिक्षिकेकडून ऐकल्यापासून चिरंजीवांचे चिरंजीव आमच्यावर तपासनीस म्हणून नेमल्यासारखे वागत आहेत. सारांश लिहून दाखविल्याखेरीज पुस्तक रुजू धरले जात नाही, आणि सारांश पसंत पडला तरच वहीवर त्यांचा शिक्का उमटतो. शिक्का बटाटा कोरून केलेला आहे, पण त्याचा दरारा मामलेदाराच्या मोहरेहून कमी नाही.

चैत्रात स्त्रीने लिहिलेल्या आत्मचरित्राचे कलम होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सूनबाईंनी रात्री मोठ्याने वाचली व सर्वांनी ऐकली. येथे वाढलेली पोरे पुस्तकातल्या जलालपूरच्या सोवळ्याओवळ्याच्या गोष्टींना इतकी मोकळेपणी हसली की शेजारच्या मल्याळी कुटुंबाने दार ठोठावून कारण विचारले. खरा रंग भरला तो वैशाखात. वापरातले पण न वाचलेले पुस्तक म्हणून आपल्या भावजयीने कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ काढली. १९७० साली निघालेले हे पुस्तक आमच्या लग्नातील आहेर. त्याची बांधणी केव्हाच गेली, अनारशांचे पान पाकाने शेजारच्या पानास कायमचे चिकटले आहे, आणि हळदीच्या बोटांचे ठसे पाहून कोणते प्रकरण किती चालले हे आंधळ्यासही कळावे. ते तिने चष्मा लावून, हाती पेन्सिल घेऊन, प्रस्तावनेपासून वाचावयास घेतले. ओगलेबाईंनी तोळे-मासे न सांगता वाटी-चमच्याचे माप दिले म्हणून आमच्या पिढीतल्या सुनांची अब्रू राहिली, असा अभिप्राय तिने जागोजाग बोलून दाखविला, आणि ज्या पाककृतींकडे इतक्या वर्षांत ढुंकूनही पाहिले नव्हते त्या करून पाहिल्यावाचून पान उलटावयाचे नाही असा निश्चय केल्यामुळे वैशाखभर आम्हां सर्वांची चंगळ झाली. याच वाचनात समासातील तिच्या जुन्या नोंदीही उजेडात आल्या. डाळिंब्यांच्या उसळीपाशी एक शेरा आहे: ‘दादांना बेत पसंत नाही. तीनदा वाढून घेतले.’ मूळ दस्तऐवज आमच्यापाशी सुरक्षित आहे. नक्कल हवी असल्यास पाठविता येईल.

ज्येष्ठात ते निळे मुखपृष्ठ माझ्या वाट्याला आले. पेटीत निळ्या वेष्टनाचे एकच पुस्तक उरले होते, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’. आपणांस ठाऊकच आहे की ललित निबंध हा प्रकार मी कटाक्षाने टाळीत आलो; झाडाफुलांवर पुस्तकभर लिहावे असे काही असते यावर माझा विश्वास नव्हता, आणि बखरी, चरित्रे व खटल्यांचे वृत्तांत यांपलीकडील मुलूख मी परका मानला होता. तशात बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन, खिडकीची काच हाताला चटका देणारी, आणि पुस्तकात बारा महिन्यांचे आकाश, मोहोर, पाने आणि पाऊस! ज्या प्रदेशात उन्हाळा आणि उन्हाळ्याची प्रतीक्षा असे दोनच ऋतू आहेत तेथे हे वाचणे म्हणजे उपासाच्या दिवशी ‘रुचिरा’ वाचण्यासारखे, अशी कुरकुर करीतच मी आरंभ केला. परंतु बाई पाहावयास शिकवतात, आणि तेही अशा बेताने की शिकविले जात आहोत हे ध्यानी येऊ नये. आठवडाभराने संध्याकाळी फिरावयास गेलो असता रस्त्याच्या दुभाजकावरील खजुरांकडे प्रथमच मान वर करून पाहिले, तो घोसांचा हिरवा रंग उतरून काहींवर पिवळा, काहींवर तांबडा चढत होता. आणि मैदानाच्या कडेला जे काटेरी, धुळकट झाड मी इतके दिवस बाभूळ म्हणून खर्ची टाकले होते, तो येथला राजवृक्ष घाफ निघाला, म्हणजे आपल्याकडील शमीच. ज्येष्ठ येथेही होता तर!

तेव्हापासून निळ्या मुखपृष्ठाच्या कलमाविषयी माझे मत पालटले आहे, आणि ते मी आपल्या रोषाची पर्वा न करता नमूद करतो. गंभीर कलमे आपल्या उपयोगाची नाहीत. ‘श्रेष्ठ ग्रंथ वाचा’ म्हटले की आपण आपल्याच पसंतीचा ग्रंथ श्रेष्ठ ठरवून मोकळे होतो. ‘विचारप्रवर्तक’ म्हटले की आपल्या विचारास दुजोरा देणारा काढतो. पुणेकराची अभिरुची ही वंशपरंपरागत इनाम जमीन आहे, तिच्या चतुःसीमेत परक्याचे गुरूही शिरता कामा नये असा आपला बंदोबस्त. पण मुखपृष्ठाच्या रंगाशी हुज्जत घालता येत नाही. कलम जितके पोरकट, तितके ते पळवाटा बुजविणारे.

भाद्रपदात परमुलखाचे कलम होते व त्यासाठी मी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ पुन्हा वाचला. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेला हा वृत्तांत आपण दोघांनी एकाच कंदिलाखाली वाचला होता. तपासनिसांस सादर केलेला माझा सारांश येणेप्रमाणे: ‘इसम नामे विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, पेणनजीक, पेशा भिक्षुकी, यांनी घरच्या कर्जाच्या निवारणार्थ, मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाचे वृत्त ऐकून, दक्षिणेच्या आशेने काकांसह उत्तर हिंदुस्थानाकडे प्रस्थान ठेविले. सन १८५७ च्या बंडामुळे मार्गात अतिशय खोळंबा झाला. झाशी येथे वेढ्यात सापडून प्राण वाचले, द्रव्य वाचले नाही. सबब गंगोदकाच्या कावडीखेरीज विशेष ऐवज हाती न लागता स्वगृही परत. प्रकरण दप्तरी दाखल.’ तपासनिसांनी तो दोनदा वाचला आणि ‘आजोबा, यात झाशीची राणी कुठे आहे?’ असे विचारून शिक्का राखून ठेवला. पुरवणी जोडल्यावरच मंजुरी मिळाली. चिरंजीव शेजारी संगणकावर मान घालून बसले होते, ते तशातच म्हणाले, ‘कर्ज होते म्हणून बाहेर पडला, चार पैसे मिळाले की परत येईन म्हणाला. बाबा, त्याच्याजवळ व्हिसा नव्हता, एवढाच फरक.’ त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि सूनबाईंनी चहा टाकला.

कार्तिकात दिवाळी अंक हे पुस्तक होय की नव्हे यावर जो तंटा झाला त्याचा तपशील देत नाही. १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासूनचा इतिहास पुराव्यादाखल मांडूनही निकाल माझ्या विरुद्ध गेला. मार्गशीर्षात ‘आपल्या गावात घडणारे’ म्हणून चिरंजीवांनी नेमाड्यांची ‘कोसला’ वाचली. १९६३ साली ती निघाली तेव्हा ‘ही कादंबरी असेल तर आमच्या धोब्याचे टिपणही कादंबरीच’ असे आपण म्हणाला होता, ते मी त्यांस सांगितले नाही. पेठेतल्या घरात जन्मलेल्या मुलास वसतिगृहाच्या खोल्यांतले, खानावळीच्या ताटावरले, खानदेशातून आलेल्या पांडुरंग सांगवीकराचे पुणे ठाऊकच नव्हते. ‘आपण त्या गावात राहिलो, पण ते गाव पाहिले बाहेरून आलेल्यांनी,’ असे तो म्हणाला. आणि तो स्वतः आता कोठेतरी बाहेरून आलेला आहे म्हणूनच त्यास हे कळले असावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फाल्गुनाचे अखेरचे कलम असे आहे: ‘ज्याच्याशी आपले वाचनाच्या बाबतीत कधीही पटले नाही, अशा माणसाने आपल्यासाठी निवडलेले पुस्तक.’ यास पात्र इसम कोण याविषयी घरात क्षणभरही चर्चा झाली नाही. चारही मते आपल्या नावे पडली. तरी आपण एक पुस्तक निवडून पाठविण्याची तजवीज करावी. शेजारचे एक सद्गृहस्थ फाल्गुनाच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून येत आहेत, ते वाड्यावर येऊन घेऊन जातील. त्यांस दारातच उभे न करता पाणी तरी विचारावे. विमानात वजनाची मर्यादा असल्यामुळे केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड पाठविण्याचा मोह आवरावा. ज्या कपाटावर ‘पुस्तक मागून स्वतःचा अपमान करून घेऊ नये’ अशी आपली चिठ्ठी आहे, त्याच कपाटातले असल्यास उत्तम. परत करण्याची हमी मी देतो. सूनबाई देत नाहीत, कारण येत्या वर्षी अधिक ज्येष्ठ असून तेराव्या कलमाचा मसुदा त्यांनी अद्याप कोणास दाखविलेला नाही.

वहिनींस सा. न. आणि गुडघ्यास जपण्यास सांगावे. पुस्तक निळ्या मुखपृष्ठाचे नसले तरी चालेल. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा