किमानपंत

संगणकावरील खेळांच्या दुनियेत दोनच जमाती नांदतात असा सर्वसाधारण समज आहे: रात्रीचा दिवस करून खेळणारी तरुण मंडळी ही एक, आणि त्या मंडळींच्या नावाने बोटे मोडणारे त्यांचे मातापिता ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये, पन्नाशी उलटलेला, कचेरीच्या हिशेबखात्यात स्थिरावलेला, रविवारी दुपारच्या जेवणानंतर तासभर खेळणारा आणि त्या एका तासाची तजवीज उरलेला सबंध आठवडा करीत राहणारा जो तिसरा गृहस्थ असतो, त्याची नोंद मात्र कोणत्याच दप्तरी होत नाही. प्रत्येक खेळासोबत, तो कोणत्या यंत्रावर चालेल याचा तपशील ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेले’ अशा दोन रकान्यांत दिलेला असतो. आमच्या शेजारच्या अशाच एका गृहस्थांचा जन्मभराचा ऋणानुबंध त्यांतील पहिल्या रकान्याशी असल्यामुळे मी त्यांना किमानपंत म्हणतो. शिफारशीचा रकाना ते वाचीतच नाहीत. वशिल्याने काही मिळवणे त्यांना नोकरीतही कधी साधले नाही.

पंतांना हा नाद कचेरीतच लागला. १९९० साली विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर सॉलिटेअर नामक पत्त्यांचा डाव अवतरला. पत्ते ओढता ओढता माउस हाताळण्याचा सराव होतो असे त्याचे समर्थन केले जाई, आणि हा सराव सेवानिवृत्तीच्या दिवसापर्यंत निष्ठेने चालू ठेवणारे कर्मचारी पंतांनी स्वतः पाहिले आहेत. पुढे १९९३ साली ‘डूम’ आला आणि त्याने ३८६ जातीचा प्रोसेसर व ४ मेगाबाइट रॅम मागितली, तेव्हा खेळ हा आता खेळणाऱ्याची नव्हे तर त्याच्या यंत्राची ऐपत विचारू लागला आहे, हे पंतांच्या ध्यानात आले. त्यापूर्वीच्या काळाविषयी ते हळवेपणाने बोलतात. त्या काळी संगणकाच्या पेटीवर ‘टर्बो’ नावाची एक कळ असे, आणि तिचा खरा उपयोग नावाच्या नेमका उलट, म्हणजे यंत्र मंद करण्याकडे होई. कारण काही जुने खेळ यंत्राच्या गतीशीच जखडलेले असल्यामुळे नव्या यंत्रावर ते असे चौखूर उधळत, की शत्रू दृष्टीस पडण्यापूर्वीच खेळणाऱ्यास वीरमरण प्राप्त होई. यंत्र खेळाला पुरून उरत असे, म्हणून पंत त्या काळाला सत्ययुग म्हणतात. ‘डूम’ने मागितलेल्या रॅमच्या दोन हजार पटींहून अधिक, म्हणजे ८ गिगाबाइट रॅम आजचा एखादा खेळ निव्वळ किमान म्हणून मागतो. तेवढ्याच अवधीत आपला पगार किती पटींनी वाढला, हा प्रश्न पंत अधूनमधून स्वतःच उपस्थित करतात आणि स्वतःच तहकूब करतात.

नव्या ग्राफिक्स कार्डाची मागणी घरात मांडावयाची असते, तेव्हा ती चिरंजीवांच्या अभियांत्रिकीच्या प्रोजेक्टच्या नावे दाखल केली जाते. “अहो, मागच्या वर्षी ती रॅम बसवलीत तेव्हाही हेच म्हणाला होतात,” वहिनींच्या एवढ्या एका शेऱ्यावर ती सहसा फेटाळली जाते. पण क्वचित दिवाळीच्या सुमारास मंजुरी मिळते आणि पंत मुंबईस लॅमिंग्टन रोडवर दाखल होतात. तेथील पोरगेलासा विक्रेता मान वर न करता विचारतो, “काका, बजेट काय? ऑफिसचं काम की गेमिंग?” पंत उत्तरतात, “तसं ऑफिसचंच, पण कधीतरी थोडं...” या ‘कधीतरी’ची किंमत त्या पोराला अचूक ठाऊक असते. कार्ड घ्यायचे तर वीज पुरवणारा एसएमपीएस बदलावा लागतो. नवा एसएमपीएस जुन्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. नवे कॅबिनेट घ्यावे तर त्यात पंखे नसतात. एका कलमास मंजुरी द्यावी तो दुसऱ्याचा तगादा हजर, या क्रमाने मूळ अंदाजपत्रक अशा अवस्थेस पोहोचते की हिशेबखात्यात सारी हयात घालवलेला तो मनुष्य कार्डाचा नाद सोडून, एक नवा माउस पॅड तेवढा घेऊन, परतीची लोकल पकडतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तर जगभर कार्डांचे दुर्भिक्ष झाले. जी काही थोडी निघत, त्यांतील कितीतरी आभासी चलनाच्या टांकसाळींत कामाला जुंपली जात, आणि भाव उतरण्याची वाट पाहत पंतांनी टाळेबंदीचा काळ सॉलिटेअरवर काढला. त्यानंतर २०२२ साली एनव्हिडियाचे जे ४०९० क्रमांकाचे कार्ड निघाले, ते एकटे ४५० वॅट वीज घेते आणि स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून त्याच्याखाली टेकू द्यावा लागतो, हे ऐकून मात्र पंतांना विलक्षण समाधान वाटले. जी वस्तू टेकू दिल्यावाचून उभी राहत नाही ती घेण्याच्या वयाचे आपण राहिलो नाही, असे त्यांनी गंभीरपणे सांगितले.

पंतांचे खरे कौशल्य पाहावयाचे असेल तर ते खेळाच्या सेटिंगच्या पानावर पाहावे. २०१९ साली संगणकावर आलेला ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा खेळ त्यांनी मोठ्या हिमतीने घरी आणला. त्याला १५० गिगाबाइट जागा लागते. त्यासाठी भाच्याच्या मुंजीचे चित्रीकरण डिस्कवरून हद्दपार करण्यात आले, आणि ही गोष्ट वहिनींच्या कानावर अद्याप गेलेली नाही. खेळ उतरला, आणि काटकसरीचे पर्व सुरू झाले. पहिल्याप्रथम पंतांनी सृष्टीतील सावल्या रद्द केल्या. मग पाण्यातील प्रतिबिंबे गेली, दूरची झाडे गेली, घोड्याच्या आयाळीचे केस बरखास्त झाले. १८९९ सालची ती अमेरिका, जिच्या डोंगरकुरणांच्या शोभेसाठी लोक तो खेळ खेळतात, ती पंतांच्या घरी आली तेव्हा गवत अगदी तळाच्या पायरीवर आणल्यामुळे सारा मुलूख असा उघडाबोडका झाला होता, की कोणाही तलाठ्याने पन्नास पैशांखाली आणेवारी लावून तेथे दुष्काळ असल्याचा अहवाल धाडला असता. पडद्याच्या कोपऱ्यात, एका सेकंदात किती चित्रे उमटली याचा आकडा पंतांनी लावून घेतला होता, आणि त्यांची नजर नायकावर नसून त्या आकड्यावर होती. अठ्ठावीस. एकोणतीस. तो तिसावर पोहोचला तेव्हा त्यांनी चिरंजीवांना हाक मारली, आणि चिरंजीव येईतो तो पुन्हा सव्विसावर उतरला. गोळीबाराला तोंड लागताच पंत खेळ थांबवून धुराची प्रत कमी करतात. त्यामुळे त्या खेळाची कथा पंतांना पहिल्या अध्यायातील बर्फापलीकडे फारशी माहीत नाही. बर्फातून खाली उतरले की गवत लागते.

हे सारे हास्यास्पद आहे असे कोणी म्हणेल, पण माझे मत तसे नाही. अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसे पुष्कळ पाहिली. पण पंत अंथरुणाच्या मापाने सृष्टीच बेतून घेतात, आणि त्यात त्यांना जो आनंद मिळतो तो खेळ जिंकणाऱ्याला मिळत असेल की नाही याची मला शंका आहे. २००७ साली ‘क्रायसिस’ आला तेव्हा नव्या यंत्राविषयी “यावर क्रायसिस चालेल का?” असे विचारण्याची प्रथाच पडली. हे विचारणाऱ्यांत तो खेळ खेळण्याचा ज्यांचा मुळीच इरादा नव्हता अशांचा भरणा मोठा असावा, आणि पंत त्यांच्यात अग्रभागी होते.

आपल्या या ज्ञानाचा लाभ ते इतरांनाही देतात. कोणाचा संगणक कुरकुरला की पंत ‘बॉटलनेक’ असे निदान करतात. स्वतः भाच्याकडून क्षणार्धात पराभूत झाले की नेट मंद होते असा खुलासा देतात. भाच्याने एकदा त्यांना सरळच विचारले, “मामा, पण तुम्ही खेळता कधी?”

“आधी मशीन तर नीट होऊ दे,” पंत म्हणाले.

सध्या त्यांचे मन ‘एज ऑफ एम्पायर्स २’ वर स्थिर झाले आहे. १९९९ साली त्या खेळाला १६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि ३२ मेगाबाइट रॅम पुरत असे, म्हणून येथे तरी आपली पात्रता वादातीत आहे अशा खातरजमेने पंत गेले. पण २०१९ साली त्याचीही नवी आवृत्ती निघाली असून, तीत मानांकित सामने खेळू इच्छिणाऱ्याच्या यंत्राची आधी परीक्षा घेण्यात येते आणि उत्तीर्ण होण्यास १००० गुण लागतात. पंतांच्या यंत्राने १०४० मिळवले. त्या दिवशी आमच्याकडे पेढे आले. मानांकित सामना त्यांनी अद्याप एकही खेळलेला नाही; दर रविवारी ते पुन्हा परीक्षेला बसतात, आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली तर आणखी तीस-चाळीस गुण वाढावयास हरकत नाही, असा त्यांचा अंदाज आहे.