म्युनिकचा सोमाली हत्ती

सोमालियाचा हत्ती म्युनिकमध्ये जन्माला येतो. तिथल्या बव्हेरियन सरकारच्या टांकसाळीतून त्याची चांदीची नाणी पडतात आणि त्यांतली काही रंगीतही असतात. नाण्यावर देश सोमालिया, किंमत शंभर शिलिंग. खुद्द सोमालियात शिकारीने आणि यादवीने हत्ती जवळपास संपवले. पण देशाचं नाव भाड्याने मिळत असेल, तर जनावर हवंच कशाला? तुवालूचंही तेच. जेमतेम अकरा हजार वस्तीचा देश, चलनात ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याच्या नावाने पर्थच्या टांकसाळीने २००६ साली एका डॉलरच्या नाण्यावर लाल पाठीचा विषारी कोळी रंगवला. टांकसाळ ऑस्ट्रेलियाची, कोळीही ऑस्ट्रेलियाचाच. तुवालूचं फक्त नाव.

नाणं खर्चण्यासाठी असतं, ही खुळी समजूत इथे सोडलेली बरी. औंसभर, म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदीवर 'एक डॉलर' छापलेला असतो. तो मोडून चहा पिणारा महाभाग अजून जन्मायचा आहे. जनावर पारदर्शक डबीत, सोबत प्रमाणपत्र, आणि बोट लागलं की भाव उतरला. प्राणिसंग्रहालयात निदान शेंगदाणे टाकता येतात. पण धंद्याची सगळी मेख 'मर्यादित' या शब्दात आहे. जंगलात पाच हजार जनावरं उरली की परिषदा भरतात. टांकसाळीने पाच हजारच पाडली की रांगा लागतात. तिकडे ज्या आकड्याचं सुतक, त्याचीच इकडे जाहिरात.

यावर सांगितलं जातं की छोट्या देशांना मानधन मिळतं आणि लोकांत जागृती होते. मानधनाबद्दल तक्रार नाही. विकायला दुसरं फारसं काही नसलेल्या बेटाने नाव विकून चार पैसे केले, तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? जागृतीचा हिशेब मात्र जमत नाही. पलाऊने १९९२ मध्ये सागरी जीवांच्या रक्षणाचा संदेश देणारी रंगीत नाणी काढली. आधुनिक रंगीत नाण्यांची सुरुवात तिथूनच मानतात. तिथल्या शार्कना अभय मिळालं ते २००९ मध्ये, देशाने आपला समुद्र शार्कचं अभयारण्य म्हणून जाहीर केला तेव्हा. मधली सतरा वर्षं त्या बिचाऱ्यांनी नाण्यांकडे बघून काढली असावीत.

आपला गेंडा चार आण्यांवर होता. बिनरंगी, पोलादी, कंडक्टरच्या चामडी पिशवीत इतरांशी घासाघीस करत जगलेला. ३० जून २०११ नंतर तो चलनातून गेला, तेव्हा त्याची डबी किंवा प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही. काझीरंगातले गेंडे मात्र २०२२ च्या गणतीत २,६१३ भरले. संग्राहकांच्या भाषेत सांगायचं, तर भाव पडला.